वाडो ३ म्हणजे इसवी सन ७१० की ७११?

७१०. वाडो हा जपानी कालगणनेतला कालखंड ७०८ मध्ये सुरू झाला आणि तेच वर्ष वाडो १ धरतात, शून्य नाही. म्हणून ७०८ मध्ये थेट ३ मिळवले की एक वर्ष जास्त होतं. सूत्र सोपं: ७०७ + वर्षक्रमांक. वाडो ३ च्या तिसऱ्या महिन्यात सम्राज्ञी गेन्मेईने राजधानी हेइजो-क्यो, म्हणजे आजच्या नाराला हलवली.

मात्र महिना बघायला विसरू नका. ते पंचांग चांद्र-सौर, आपल्यासारखाच अधिक महिना घेणारं. वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत सुरू होई, त्यामुळे बाराव्या महिन्यातल्या तारखा बऱ्याचदा पुढच्या इसवी सनात जातात. शेवटाकडेही घोळ होतो: ७१५ चा नववा महिना उजाडला आणि नाव बदलून रेइकी झालं, म्हणून ७१५ हे वाडो ८ही आहे आणि रेइकी १ही.

नावामागचं कारण फार सुंदर आहे. मुसाशी प्रांतातल्या चिचिबूहून नैसर्गिक तांबं दरबारात आलं, म्हणून कालखंडाचंच नाव बदलून वाडो, म्हणजे ‘जपानी तांबं’, केलं. त्याच वर्षी वाडो कायचिन नाणी पाडली, आधी चांदीची, मग तांब्याची: गोल, मधोमध चौकोनी भोक, भोवती चार अक्षरं. ती वरून सुरू करून घड्याळाच्या दिशेने वाचायची.