जत्रेचा नवस आणि आठचा अलार्म

प्रश्न : ताई, आम्ही मरोळ गावठाणातले, कॅथलिक. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. जन्मापासूनच तिच्या पित्ताच्या नळ्या बंद होत्या, दोन महिन्यांची असताना कसाई ऑपरेशन झालं (हो, नावच तसं आहे, जपानी डॉक्टरचं, पण गल्लीत सांगितलं की लोक दचकायचे), त्यावर पाचेक वर्षं ढकलली आणि शेवटी या एप्रिलमध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट झालं, तुकडा तिच्या पप्पांनी दिला. आता डोळ्यांतली कावीळ जाऊन ते पांढरेशुभ्र झालेत, पोळी मागून खाते. पण घरात रोज वाद. सासूबाईंनी मोतमाउलीला, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीला, नवस केलाय की जत्रेत पोरीच्या हाताने मेणाची बाहुली वाहीन, आणि डॉक्टर म्हणतात गर्दीत अजिबात न्यायचं नाही. सासूबाई म्हणतात, जिने वाचवलं तिच्याच दारात जायला घाबरतेस? त्यांना रोज चमचाभर लूर्दचं (फ्रान्समधल्या मारियामातेच्या तीर्थाचं) पाणी पाजायचंय, वर गुळवेलीचा काढा, आणि परवा तर म्हणाल्या, बरी झाली ना आता, मग गोळ्या किती दिवस. मी सकाळी आठ आणि रात्री आठ अलार्म लावून टॅक्रो देते, म्हणजे टॅक्रोलिमस, नवीन लिव्हर टिकवायची गोळी. रोझरी, म्हणजे घरची जपमाळेची प्रार्थना, तीही रात्री आठलाच असते, मी मधूनच उठले की सगळ्यांची तोंडं वाकडी. खरं सांगू का, माझं मन प्रार्थनेत लागतच नाही. वॉर्डात शेजारच्या बेडवर एक मुलगा होता, त्याला लिव्हर मिळायच्या आधीच तो गेला. चर्चमधल्या आभाराच्या मिस्साला (प्रार्थनाविधीला) सगळे म्हणत होते देवाने ऐकलं, आणि माझ्या डोक्यात एकच, त्याच्या आईचं का नाही ऐकलं? माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक आई, मरोळ

उत्तर : आधी गोळीचं बोलू, बाकीचं थांबू शकतं, ते नाही. मी बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते (नन नाही हो, इंजेक्शनवाली), त्यामुळे हे जरा कडकच सांगते. पोरीच्या शरीराला नाती कळत नाहीत. पप्पांचा तुकडा असो नाहीतर कुणाचा, त्याच्यासाठी तो परकाच, संधी मिळाली की अंगावर धावून जाणार. टॅक्रो शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला, थोडं पेंगवून ठेवतं, म्हणून बारा-बारा तासांनी, आणि बहुतेकांना जन्मभर. मूल दिसायला ठणठणीत असतं, खेळत असतं, आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवीन लिव्हर नाकारणं, कधीकधी आधी फक्त रक्ताच्या रिपोर्टात दिसतं. तेव्हा ‘बरी दिसते’ हे गोळी बंद करायचं कारण होऊच शकत नाही. लेव्हलच्या, म्हणजे रक्तातलं टॅक्रो मोजायच्या दिवशी आधी रक्त, मग सकाळचा डोस, हे तुम्हाला सांगितलेलं असणारच.

काढा बंद. यात मी सासूबाईंचं मन वगैरे सांभाळणार नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले पेशंट खुद्द मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि तुमच्या घरात तर लिव्हर नवीनच आहे. पपनस आणि ग्रेपफ्रूटही नको, रक्तातलं टॅक्रो वाढतं त्याने. गणपतीत बाजारात पपनसं येतात, कोणीतरी प्रेमाने फोड हातावर ठेवेल, लक्ष ठेवा. लूर्दचं पाणी पाजू नका, बाटलीत महिनोन्महिने राहिलेलं पाणी या पोरीच्या पोटात कशाला? आजीने बोट बुडवून कपाळावर क्रूस काढावा, आशीर्वादाला तेवढं पुरतं.

आता सासूबाईंसाठी एक गोष्ट. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे, त्याचा अडतिसावा अध्याय त्यांना वाचून दाखवा, शक्यतो रोझरीनंतर, सगळे बसलेले असताना. तिथे म्हटलंय की वैद्याचा मान राख, देवाने औषधं जमिनीतून निर्माण केलीत आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही. गंमत म्हणजे टॅक्रो खरोखरच जमिनीतून आलंय. १९८४ मध्ये जपानमध्ये, त्सुकुबाच्या मातीतल्या एका जंतूपासून ते सापडलं. ट्रान्सप्लांटवाल्या मुलांना आम्ही मातीत खेळू नको म्हणतो आणि औषध मात्र मातीतलंच देतो, हे मला स्वतःला कळलं तेव्हा मी नाइट ड्युटीवर एकटीच हसले होते. रोझरीचं म्हणाल तर साडेसातला सुरू करा, त्यात एवढं काय? गोळीची वेळ हलत नाही, रोझरीची हलते.

नवस. तो आजीने केला, पोरीने नाही. आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर बांद्र्याच्या त्या चढावर माणसाला माणूस चिकटून चालतं. आमच्याकडची आगरी, कोळी, गुजराती, सगळी येतात, मी तर दरवर्षी पाय दुखवून घेते. पहारेकरी पेंगलेले असताना गर्दीतले जंतू सहज लागतात, पाच महिन्यांच्या ट्रान्सप्लांटला ती जागा नाही. बाहुलीला घरी पोरीचा हात लावून घ्या, मग तिचे हात धुवा, आणि आजी आणि पप्पांनी ती न्यावी. (स्टॉलवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं सगळं मिळतं, लिव्हर मात्र मी अजून बघितलं नाही, बाहुलीच बरी.) मोठं भावंड असेल तर त्यालाही न्या, अशा घरात त्या पोराकडे कोणाचं लक्ष नसतं. पुढे डॉक्टर हो म्हणाले की गर्दी नसलेल्या एखाद्या मंगळवारी दुपारी मास्क लावून तिला न्या, माउली वर्षभर तिथेच असते. आणि रविवारी मिस्साला गेला नाहीत तर पाप लागत नाही, आजारपण आणि लहान मुलाची देखभाल ही चर्चने स्वतः मान्य केलेली कारणं आहेत. फादरना घरी बोलवा, त्यांच्या तोंडून ऐकलं की सासूबाईंना पटेल.

शेजारच्या बेडचं उत्तर माझ्याकडे नाही. वॉर्डात इतक्या वर्षांत मिळालं नाही, आणि ज्यांनी मला दिलं त्यांच्यावर मी विश्वास ठेवला नाही. एवढंच माहितीय की योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य आंधळ्या माणसाकडे बघून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, आणि येशू म्हणतो, दोघांचंही नाही. तेव्हा त्या आईचा विश्वास कमी होता म्हणून असं झालं, असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे तोंड बंद करा. तुमच्या आभाराच्या मिस्सात तुम्हाला तो मुलगा आठवला, मला तर तीच प्रार्थना वाटली.

त्या मुलाच्या आईचा नंबर असेलच तुमच्याकडे, वॉर्डातल्या आयांचा ग्रुप असतोच. काय बोलायचं ते ठरवत बसलात तर फोन होणारच नाही. आठची गोळी दिली की लावा, आणि त्याचं नाव घेऊन बोला.