भेट मिळालेल्या ऑर्किडची सगळी फुलं गळाली, झाड मेलं का? सांगलीच्या हवेत ते टिकेल का?

मेलं नाही हो, टाकू नका! भेट म्हणून मिळतं ते ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस जातीचं असतं; त्याची फुलं दोन-तीन महिने टिकतात, मग झाड विश्रांती घेतं. पानं हिरवी, टणक आहेत ना? मग झालं.

आपण पाणी पाजून पाजूनच मारतो, मीही एक मारलंय. मुळं बघा: चंदेरी-राखाडी दिसली की पाणी, हिरवी असली की थांबा. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, कुजतं. कुंडीत माती नको, झाडाच्या सालीचे तुकडे हवेत. कोयनेच्या जंगलातली सीतेची वेणी हे रानटी ऑर्किडसुद्धा झाडाच्या फांदीवरच वाढते की. पूर्वेची खिडकी उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र आत घ्या. थंडीत रात्री गारवा लागला की फुलांचा नवा दांडा फुटायची शक्यता जास्त.