चिकट पालवी, रुसलेल्या कुंड्या
वाचकांचे प्रश्न : वसंतातली बाग

प्रश्न : गुलाबाला भरपूर नवी पालवी आली, पण शेंडे वळले आहेत. पानं चिकट झाली असून खोडावर मुंग्यांची रांग लागली आहे. भांडी घासायच्या द्रव साबणाचं पाणी फवारलं तर पानांच्या कडाच करपल्या. आता काय करावं?

उत्तर : हा मावा आहे. कोवळ्या शेंड्यातला रस शोषून जास्तीची साखर तो बाहेर टाकतो, तोच तुमच्या पानांवरचा चिकटा. मुंग्या त्या साखरेसाठी येतात आणि मोबदल्यात माव्याच्या शत्रूंना हुसकून लावतात. चिकट्यावर पुढे काजळीसारखी बुरशी धरते. ती ओल्या फडक्याने पुसली जाते, तिच्यासाठी वेगळं औषध लागत नाही.

पहिला उपाय म्हणजे नुसतं पाणी. शेंडा तळहातावर आडवा धरून पानांच्या मागच्या बाजूने जोराची धार मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. एवढ्याने भागलं नाही तर झाडांसाठी मिळणारा पोटॅशियमयुक्त साबण लिटरभर पाण्यात १० मिली मिसळून संध्याकाळी फवारा. भांड्यांच्या साबणातली तेलकटपणा काढणारी रसायनं पानावरचा मेणाचा थरही काढतात आणि त्यात ऊन लागलं की कडा जळतात. तुमच्याकडे बहुधा हेच झालं. साबण किडीच्या अंगाला लागला तरच काम करतो, वाळल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून वळलेली पानं उलगडून आतपर्यंत फवारा आणि दर ४-५ दिवसांनी असं तीनदा करा. वसंतात माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि उबदार हवेत ती पिल्लं साधारण आठवड्यात मोठी होतात. एका फवारणीत सुटलेले चार-दोनही पुरेसे असतात.

फवारण्याआधी मात्र भिंगातून एकदा बघा. काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदी दिसतात आणि हात लावला तरी हलत नाहीत. त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीची अळी वाढते आहे. तसंच काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या ठेवणीची लांबट अळी म्हणजे ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू. मावा हेच तिचं खाणं. हे दोन्ही दिसले तर साबण बाजूला ठेवा आणि फक्त मुंग्यांची वाट तोडा. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावला की झालं. लेप थेट सालीवर नको.

आणि खत? भसाभस नत्र दिलं की शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याला नेमके तेच हवे असतात. पहिला बहर संपेपर्यंत हात आखडता घ्या. वळलेली पानं सरळ होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून पुन्हा फवारू नका. नवी पानं कशी येतात ते बघा.

प्रश्न : कुंडीत पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, तरी झाड दुपारी मान टाकतं.

उत्तर : माती वाळून आक्रसली आहे. ती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निसटतं. मधला गोळा कोरडाच राहतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर वाळल्यावर ते पाणी धरतच नाही. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळत ठेवा.

दोन दिवसांत पुन्हा तेच झालं तर झाड कुंडीबाहेर काढून बघा. मुळांचं वेटोळं दिसलं तर कुंडी बदलायची वेळ झाली. नवी कुंडी जुनीपेक्षा ४-५ सेंटिमीटरच जास्त रुंद घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओली राहते आणि मुळं सडतात. गोळ्याला धारदार सुरीने चार बाजूंनी सेंटिमीटरभर खोल उभे छेद द्या, नाहीतर मुळं नव्या कुंडीतही गोलच फिरतात. खोड पूर्वीइतकंच मातीत ठेवा. तळाला खडे घालायची जुनी सवय सोडलेली बरी : खड्यांमुळे निचरा सुधारत नाही, ओला थर उलट वर सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. आठवडाभर सावली, महिनाभर खत बंद.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांचा मेळावा आमच्या अंगणात आहे. ४०-५० माणसं येतील. हिरवळ वाचेल का?

उत्तर : जुनी, मुळं धरलेली असेल तर वाचेल. नुकती पेरलेली असेल तर दुसरी जागा शोधा.

कापणी ३-४ दिवस आधी करा, नेहमीपेक्षा थोडी उंच. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. दोन दिवस आधी पाणी बंद, कारण ओली माती पायाखाली दाबून घट्ट होते आणि खरं नुकसान तिथेच होतं. खुर्च्यांच्या पायांखाली प्लायवूडचे तुकडे ठेवा. प्लास्टिकची ताडपत्री उन्हात तासन्‌तास पसरू नका, तिच्याखाली गवत अक्षरशः शिजतं. दिव्यांच्या माळा फांद्यांना तारेने आवळू नका, रुंद कापडी पट्टीने सैल बांधा.

दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने पंजा फिरवून पाती उभी करा आणि सावकाश पाणी द्या. रिकामा डबा ठेवून मोजा. त्यात २ सेंटिमीटर साचलं की पुरे. माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की वर्दळीच्या जागी काटेरी फावडं ८-१० सेंटिमीटर खोल खुपसून १०-१२ सेंटिमीटरवर भोकं पाडा आणि त्यांत चाळलेलं खत भरा. पिवळं दिसलं म्हणून लगेच रासायनिक खत टाकू नका.

प्रश्न : गेल्या हंगामाचा पालापाचोळा तसाच पडून आहे, कुजत का नाही?

उत्तर : कोरडा आहे आणि हिरवं काही नाही. तीन घमेली चुरलेला पाला, एक घमेलं ताजं कापलेलं गवत, असे थर द्या. मीटरभर उंच-रुंद ढीग झाला तरच आत ऊब धरते. मूठ दाबली की थेंब-दोन थेंब निघावेत, एवढीच ओल. अमोनियाचा वास आला तर पाला वाढवा. कुजकट आला तर ढीग उलथा, आत हवा नाही.