अँग्झायटीवर आरटीएमएस घ्यावं का? शॉक असतो का तो?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला जनरलाइज्ड अँग्झायटी (सतत कशाची ना कशाची काळजी) आहे, तीन आठवडे गोळ्या घेऊन फरक नाही, आणि पुण्यातल्या एका क्लिनिकने आरटीएमएसचं पॅकेज सुचवलंय.

शॉक नाही. आरटीएमएस म्हणजे डोक्याला बाहेरून तारेचं वेटोळं (कॉइल) लावून मेंदूला चुंबकाचे ठोके देणं. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. आरटीएमएसमध्ये माणूस खुर्चीत टक्क जागा असतो. मी डिप्रेशनसाठी घेतलं होतं, सोबत धडधड आणि घबराटही होती. आधी कॉइलने अंगठा कधी उडतो ते बघून जोर ठरवतात. मग टाळूवर कुणी भराभर टिचक्या माराव्यात तसं वाटतं. आवाज बराच, म्हणून कानात बोळे. सुरुवातीला डोकं दुखायचं, पण घरी स्कूटर चालवतच यायचो.

माझी घबराट कमी झाली, पण त्यावरून बहिणीचं ठरवू नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) हे 2008 मध्ये डिप्रेशनसाठी मान्य केलं, 2018 मध्ये ओसीडीसाठी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार), आणि 2021 मध्ये डिप्रेशनसोबतच्या अँग्झायटीसाठी. डिप्रेशन नसताना नुसती अँग्झायटी किंवा पॅनिक असेल तर अशी मान्यता नाही. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागावर संथ गतीने, म्हणजे सेकंदाला एक ठोका देऊन केलेल्या अभ्यासांत फायदा दिसलाय, पण ते अभ्यास लहान आहेत. पॅकेज विकणारा हे सांगेलच असं नाही.

आणि तीन आठवडे म्हणजे काहीच नाही हो. या गोळ्यांना पुऱ्या डोसवर सहा-आठ आठवडे तरी द्यावे लागतात. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातली थेरपी) झालीय का? नसेल तर आधी ती, तीही नीट शिकलेल्या सायकॉलॉजिस्टकडे. पॅकेज विकत नाही अशा दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाला फाइल दाखवा. (‘डोक्याचे डॉक्टर म्हणजे येरवडा’ म्हणणारे नातेवाईक असतील, तर त्यांना यातून वगळा.)

तरी घ्यायचंच ठरलं तर कधी फिट आली होती का, डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. फिट येण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी, पण आहे. मेडिक्लेमवाल्यांकडून होकार लेखी घ्या, पैसे एकरकमी भरू नका. आणि क्लिनिक घराजवळचं बघा: आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं, आणि संध्याकाळची वेळ मिळाली तर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकनेच अँग्झायटी वाढते.