भिंतचित्रं टिपायची आहेत? एका गल्लीपासून सुरू करा

सगळी मुंबई एका रविवारी पालथी घालू नका. वांद्र्याचा चॅपल रोड आणि लगतचं रनवार हे जुनं गावठाण घ्या, ऊन चढायच्या आत.

नवशिक्यांची मोठी चूक म्हणजे नुसत्या चित्राचा फोटो. प्रत्येक भिंतीचे तीन घ्या:
- समोरून, सरळ
- लांबून, शेजारचं घर-दुकान दिसेल असा
- कोपऱ्यातल्या सहीचा

सही नसेल तर चित्रकाराचं नाव अंदाजाने लिहू नका, जागा कोरी सोडा. तारीख आणि पत्ता मात्र तिथेच उभं राहून लिहा. माझ्या सुरुवातीच्या फोटोंवर पत्ता नाही. त्यातल्या कित्येक भिंती मला आज सापडत नाहीत. पावसाळ्यात पोपडे निघतात, घरं पाडली जातात, आणि मग तुमचा फोटोच उरतो.

रनवारमध्ये माणसं राहतात. दारातल्या आजींना विचारूनच मोबाइल काढा. चित्राआधी तिथे काय होतं, हे त्याच सांगतील.

मग वांद्रे रेक्लमेशनला जा. एमटीएनएलच्या इमारतीवरचे २०१४ सालचे दादासाहेब फाळके रस्त्यापलीकडून बघा, जवळून चेहरा कळतच नाही.

लेन्स, ड्रोन, नकाशे पुढे बोलू. पहिला महिना मोबाइल आणि वही पुरे. पहिल्या दहा भिंती झाल्या की दाखवा, मी वाट बघतोय.