ॲस्पिरिनमुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो का?

लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्यांमध्ये ॲस्पिरिनमुळे या कर्करोगाचा धोका घटतो. इतरांबाबत मात्र असे सरसकट म्हणता येत नाही. न्यूकॅसल विद्यापीठाचे सर जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखालील ‘कॅप-२’ चाचणीत असा दोष असलेल्या ८६१ जणांपैकी निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात पहिल्या गटातील सुमारे ९, तर दुसऱ्यातील १३ टक्के लोकांना हा कर्करोग झाल्याचे आढळले. गोळी सरासरी दोनच वर्षे घेऊनही संरक्षण दहा वर्षांहून अधिक टिकले, ही मला सर्वांत आशादायक बाब वाटते. तथापि ॲस्पिरिनमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये आणि ती घेत असतानाही नियमित कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने केलेली मोठ्या आतड्याची तपासणी) टाळू नये.