कोय कलम : रोपाचे वय आणि काडीची तयारी

कोय कलम म्हणजे आंब्याच्या कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर हव्या त्या जातीच्या झाडाची काडी, म्हणजे छोटी फांदी, बांधणे. राजापूर तालुक्यातील एका बागायतदारांनी विचारले आहे : "गेल्या जुलैअखेर हापूसची 300 कोय कलमे बांधली, जेमतेम 80 जगली. बाकीच्या काड्या आठ-दहा दिवस हिरव्या दिसल्या, मग काळ्या पडल्या. रोपे चांगली वीतभर उंच, हिरवीगार होती. काड्या लांबून आणल्या होत्या म्हणून दोन दिवस भिजलेल्या गोणपाटात ठेवल्या. चूक कुठे झाली?"

दादा, रोपे हिरवीगार होती, तिथेच पहिली गोम आहे. कोय कलमाला जोमदार हिरवे रोप नको, तांबूस कोवळे रोप हवे. कोय उगवून आल्यावर पहिले 10 ते 15 दिवस रोपाचा दांडा आणि पाने तांबूस असतात. त्या वेळी कोयीतला अन्नसाठा शिल्लक असतो, दांडा रसरशीत असतो आणि जखम लवकर भरून येते. पाने हिरवी झाली की दांडा कडक व्हायला लागतो आणि कोयीतले अन्नही संपत येते. कलम बांधल्यावर वर पाने नसतात, तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे रोप जगते ते कोयीतल्या शिदोरीवर. म्हणूनच रोप उपटताना कोय तुटता कामा नये. कोय तुटलेले रोप बाजूला ठेवा, त्यावर काडी वाया घालवू नका.

दुसरी चूक काडीची. भिजलेल्या गोणपाटात दोन दिवस राहिलेल्या काडीत बुरशी शिरते आणि डोळे आतून कुजतात. बाहेरून मात्र काडी हिरवीच दिसते, म्हणून फसगत होते. शक्यतो सकाळी काडी कापा आणि त्याच दिवशी बांधा. लांबून आणायचीच असेल तर पिळून घेतलेल्या, नुसत्या दमट कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत सावलीत आणा. पाणी टपकता कामा नये.

काडी निवडताना शेंड्याची, तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी, गोल आणि निबर झालेली घ्या. कापण्याआधी 8 ते 10 दिवस झाडावरच तिची पाने कापून टाका, फक्त देठ ठेवा. मग शेंड्याचा डोळा फुगू लागतो आणि देठ बोट लावताच गळून पडतात. ही काडी तयार झाल्याची खूण. डोळा फुगलेला हवा, फुटलेला नको.

बांधणी सांगतो. कोयीपासून साधारण चार बोटे वर रोप आडवे छाटा आणि मधोमध दीड इंच उभी चीर द्या. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरके काप घेऊन पाचर करा. ब्लेड नवे असावे, आणि प्रत्येक काप एका ओढीत घ्यावा. करवतल्यासारखा काप घेतला की पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते. आंब्याचा ताजा काप पाहता पाहता तपकिरी पडतो, म्हणून पाचर केली की लगेच बसवा. सालीच्या लगेच आत वाढीचा पातळ थर असतो, विद्यार्थी त्याला कँबियम म्हणून ओळखतात. खुंटाचा, म्हणजे खालच्या रोपाचा, आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकला तरच जोड धरतो. काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका बाजूची साल सालीला जुळवा. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा आणि काडीवर पेप्सीकोल्याची अरुंद पिशवी टोपीसारखी घाला. आत दमटपणा टिकतो, पावसाचे पाणी जोडात जात नाही. डोळा फुटला की टोपी काढा.

कोकणात जुलै-ऑगस्ट या कामाला उत्तम, कारण हवाच दमट असते. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत मात्र मी शेतात जागेवर रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याचे, रोप वाढवून त्यावर मृदुकाष्ठ कलम, म्हणजे रोपाच्या कोवळ्या फुटीवर काडी बांधणे, करायला सांगेन. सोटमूळ न दुखावता खोल जाते, आणि तिथे त्याचीच गरज असते.

उद्यानविद्या पदविकेच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : "हापूसची कोय लावून हापूस का येत नाही? द्राक्षासारखी काडी का लावत नाहीत?"

हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार होतो, त्यामुळे त्यात दुसऱ्या झाडाचा अंश येतो. ओलूर, कुरुक्कन यांसारख्या दक्षिणेकडच्या जातींच्या कोयीत अनेक गर्भ असतात. त्यातले बहुतेक आईच्याच ऊतीतून येतात, म्हणून ती रोपे आईसारखी निघतात. आंब्याच्या काडीला मुळे सहज फुटत नाहीत, द्राक्षाच्या फुटतात. डाळिंबाची गुटी कलमेही, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तिथे मुळे फोडून केलेली, सहज होतात, पण तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) आलेल्या बागेतून गुटी कधीही आणू नका. रोग त्या गुटीबरोबरच नव्या शेतात येतो.

राजापूरच्या दादांसाठी आणखी थोडे. जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा लहान असतानाच खुडा, नाहीतर रायवळ वाढते आणि हापूस दबून मरतो. जोड पक्का झाल्यावर पट्टी सोडायला विसरू नका, ती खोडात रुतते आणि पुढे वाऱ्यात कलम तिथेच मोडते. यंदाच्या रायवळ कोयी वाळू देऊ नका. धुऊन पाण्यात टाका, तरंगतील त्या काढा आणि उरलेल्या लगेच पेरा. आणि आता मे महिना आहे, फळे अंगावर आहेत, तेव्हा दरवर्षी धरणारी झाडे आताच हेरून त्यांच्या खोडाला चुन्याचा पट्टा मारून ठेवा. जुलैत काड्या काढायला जाल तेव्हा झाडावर फळ नसेल.